चोर, संन्यासी आणि अजिनोमोटो

डिसेंबर-जानेवारीत सुरतेच्या बाजूला जाऊन पोंक न खाता परतलेल्या माणसाकडे तिथले लोक कसे पाहतात ठाऊक आहे? मे महिन्यात गोव्यात येऊन मानकुराद न चाखता गेलेल्या पाहुण्याकडे आपण पाहतो तसे. पोंक म्हणजे ज्वारीचा कोवळा, हिरवा हुरडा. त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव आणि सोबत थंड ताक. गेल्या डिसेंबरात बारडोलीला ताईकडे गेलो होतो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी पोंकाच्या ताटल्या बाहेर आल्या. सगळ्यांपुढे आल्या, भावोजींपुढे मात्र आली नाही. त्यांच्यापुढे पाकिटातल्या सूपचा वाडगा होता. दोन चमचे घेऊन त्यांनी वाडगा बाजूला सारला, दोन बोटांनी कपाळ दाबले आणि म्हणाले, "ह्यातही अजिनोमोटो आहे. बघ, सुरू झाले."

ताईने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तीन आठवड्यांचा कंटाळा होता.

बारडोली आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत. १९२८ चा सत्याग्रह, शेतसाऱ्यातली वाढ, वल्लभभाईंना मिळालेली 'सरदार' ही पदवी. आजची बारडोली उसाची आहे. गावाला लागून बाबेनला शेतकऱ्यांनी १९५० च्या दशकात उभा केलेला सहकारी साखर कारखाना आहे आणि हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्यांशिवाय काही दिसत नाही. (आपल्या धारबांदोड्याच्या संजीवनीची आठवण येते आणि तोंड कडू होते. २०१९ नंतर तिथे गाळप थांबले ते थांबलेच. असो.) भावोजींचे वडील नंदुरबारकडून ह्या साखरेच्या धंद्यात आले आणि इथलेच झाले. घरात म्हाताऱ्यांची अहिराणी, मुलांची गुजराती, ताईची आपली गोव्याकडची मराठी. तिघींची मिळून एक चौथीच भाषा तयार झाली आहे. घराला पंढरीची माळ असल्यामुळे मासळी-अंडे नाही. आमची ताई माहेरी आली की पहिले दोन दिवस जेवणाच्या ताटावरून का उठत नाही, त्याचे हे कारण.

तर भावोजी साठीला आलेले, मधुमेह दहा वर्षांचा, रक्तदाबही सोबतीला. शेजारच्या पटेलांचा मुलगा अमेरिकेत मोटेल चालवतो. तो दिवाळीला आला तेव्हा वीस किलो कमी झाला होता. भात, रोटली, बटाटा, साखर, गूळ, फळे, सगळे बंद करून. भावोजींनी दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू केले. साखर खरोखरच उतरली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोन आठवड्यांत वजनही चार किलो उतरले. पण चौथ्या दिवसापासून डोके दुखू लागले. खुर्चीतून उठताना अंधारी येई. रात्री पोटऱ्यांत गोळे येत. आणि हे सर्व अजिनोमोटोमुळे होते, असा त्यांनी निकाल दिला.

निकालाला आधार नव्हता असे नाही. ज्याने भाकरी-भात सोडला आहे आणि जो मासे-मटणही खात नाही, त्याने खायचे काय? पनीर, भाज्या, शेंगदाणे, ताक. पण सुरती जिभेचे काय करायचे? तिथल्या वरणात गूळ असतो, भाजीत चिमूटभर साखर, उंधियूतही साखर. आंबट, तिखट आणि गोड ह्या तीन पायांवर उभे असलेले ते जेवण. त्यातला गोडाचा पाय काढून घेतला की ताट लंगडते. ती लंगड भरून काढायला पाकिटे घरात येतात. पनीरवर घालायचा पेरी-पेरी मसाला, भाजलेले मसालेदार मखाने, 'डाएट' लिहिलेला चिवडा, सूप. ताईच्या फडताळात अशी अकरा पाकिटे मी मोजली. पूर्वी त्या फडताळात एकही नव्हते. भावोजींनी पथ्य सुरू केले आणि त्याच दिवसापासून त्यांच्या पोटात चव वाढवणारी द्रव्ये पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जाऊ लागली. म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम घडल्या. मग डोके दुखले तर बोट कुठे दाखवायचे? जे नाव आधीपासूनच बदनाम आहे त्याच्याकडेच.

मी स्वतः ह्यात निर्दोष नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी पुरवणीत वाचून मी आमच्या घरात फर्मान काढले होते की अजिनोमोटो घातलेले काही येता कामा नये. त्यामुळे भावोजींना हसायचा मला अधिकार नव्हता. परतीच्या प्रवासात आणि नंतर घरी बसून जेवढे वाचता आले तेवढे वाचले, आणि माझेच मत बदलले. ते का बदलले ते सांगतो.

हे द्रव्य जन्मले १९०८ साली. टोकियोतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा ह्यांना घरच्या सारात एक चव लागे, जी गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नव्हती. ते सार कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचे. त्यातून त्यांनी ग्लुटामिक आम्ल वेगळे काढले, चवीला 'उमामी' नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे मीठ 'अजिनोमोटो' नावाने बाजारात आले. अजिनोमोटो हे एका कंपनीचे नाव; अर्थ साधारण 'चवीचे मूळ'. त्या मिठाचे खरे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. आधी ते गव्हातल्या चिकट प्रथिनापासून काढत. १९५० च्या दशकात जपानी संशोधकांना ग्लुटामेट तयार करणारा एक जिवाणू सापडला, आणि तेव्हापासून साखर, मळी, टॅपिओका असले काहीतरी आंबवून ते बनवतात. थायलंड-ब्राझीलमध्ये उसापासून बनते. भावोजींना हे फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. ज्या पिकावर दोन पिढ्यांचा संसार झाला, त्याच पिकाचे हे भावंड निघाले!

बदनामी मात्र १९६८ ची. अमेरिकेतल्या रॉबर्ट हो मॅन क्वोक नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले. चिनी खानावळीत जेवल्यावर मानेमागे बधिरपणा येतो, अशक्त वाटते, छाती धडधडते, असे त्यांनी लिहिले. कारण काय असावे? सोया सॉस असेल, स्वयंपाकातली दारू असेल, अजिनोमोटो असेल, नाहीतर नुसते जास्तीचे मीठ असेल, अशा चार शंका त्यांनी मांडल्या. शंकाच होत्या त्या. पण नियतकालिकाने त्याला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' असे नाव दिले, आणि चारांपैकी एकच आरोपी जगाच्या लक्षात राहिला. ज्या स्वयंपाकघरांतून हेच मीठ डबाबंद सूपमध्ये जात होते त्यांना कोणी विचारले नाही. विचारले ते चिन्यांना.

नंतर तपासण्या झाल्या. त्यांतली मला सर्वांत पटली ती २००० साली प्रसिद्ध झालेली. आपल्याला अजिनोमोटो सोसत नाही असे स्वतःच सांगणारी १३० माणसे घेतली. काय दिले ते त्यांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही, अशा रीतीने कधी ५ ग्रॅम अजिनोमोटो दिले, कधी नुसते नाटकी औषध. पहिल्या फेरीत बऱ्याच जणांना त्रास झाला. काहींना नाटकी औषधानेही झाला! पुन्हा पुन्हा चाचणी घेतल्यावर दरवेळी अजिनोमोटोनेच आणि फक्त अजिनोमोटोनेच त्रास होणारे किती उरले? दोन. आणि जेवणाबरोबर दिल्यावर त्या दोघांचाही त्रास एकसारखा दिसला नाही. लक्षात घ्या, ५ ग्रॅम हे एका जेवणात जाणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट. अमेरिकेच्या अन्न खात्याच्या मते अजिनोमोटो घातलेल्या पदार्थाच्या एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी असते. ह्याउलट आपण रोज जी प्रथिने खातो त्यांतून १३ ग्रॅमच्या आसपास ग्लुटामेट शरीराला मिळतेच.

आणि ही चव आपल्याला परकी आहे का? आमच्या गोव्यात पावसाळ्यात ओली मासळी मिळेनाशी झाली की सुक्या सुंगटांची किस्मूर होते. भाजलेली सुकटे, खोबरे, कांदा, आंबटाला आमसूल. शिताबरोबर एवढेच असले तरी माणूस तृप्त. सुक्या मासळीत ग्लुटामेट असते, शिवाय इनोसिनेट नावाचे दुसरे द्रव्यही. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. जपानी लोकांनी हे प्रयोगशाळेत सिद्ध केले. आमच्या आजीने ते खाऱ्या बांगड्याच्या तुकड्यावर सिद्ध केले होते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट आहे, जुन्या चीजमध्ये भरपूर आहे, आणि आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा अनेक पटींनी जास्त आहे. कोणी बाळ त्याने कपाळ धरून बसल्याचे ऐकिवात नाही.

एवढे वाचून झाल्यावर मी भावोजींची केस बंद करणार होतो. पण त्यांच्या बाजूचा एक मुद्दा सापडला आणि थबकलो. आपण खाल्लेले ग्लुटामेट बहुतेक सगळे आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून जाळून टाकतात. रक्तात फार थोडे उतरते. पण रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यातून मोठी मात्रा घेतली तर रक्तातली पातळी वर जाते. सोबत साखर किंवा पिष्ट असेल तर ती चढण बरीच कमी होते. हे माणसांवर केलेल्या प्रयोगांत दिसलेले आहे. आता भावोजींचा वाडगा आठवा. भात नाही, पाव नाही, सकाळपासून पोटात फारसे काही नाही, आणि पाकिटातले पातळ सूप. ज्या परिस्थितीत काही थोड्या लोकांना त्रास होतो असे १९९५ च्या अमेरिकी तज्ज्ञ अहवालात म्हटले होते, म्हणजे ३ ग्रॅम वा जास्त आणि तेही अन्नाशिवाय, तिच्यातली अर्धी अट भावोजींच्या पथ्याने आपोआप पुरी केली होती. मात्रेची अट एका वाडग्याने पुरी होत नाही हे खरे. आणि रक्तातली पातळी वाढली म्हणजे डोके दुखलेच पाहिजे असेही नाही. तरीपण लो-कार्ब खाणारा माणूस "मला पूर्वी हे होत नव्हते, आता होते" असे म्हणाला तर त्याला वेड्यात काढू नये, एवढे मी ह्यातून शिकलो. एखाद्याला खरेच सोसत नसेल.

पण भावोजींच्या बाबतीत खरे काय होते ते जानेवारीत कळले, आणि ते कळायला जो उशीर झाला त्याचाच मला राग आहे.

एके सकाळी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडता पडता वाचले. हाताला नळ लागला म्हणून. ताईने घरच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा शंभराच्याही खाली. त्याच दिवशी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खाण्यात काय बदल केलात?" आणि तेव्हा उघड झाले की भावोजींनी पथ्याबद्दल त्यांना अवाक्षर सांगितले नव्हते. "ते रागावतील" हे एक कारण. दुसरे कारण ताईने मला सांगितले ते जास्त महत्त्वाचे. डोकेदुखी अजिनोमोटोची आहे हे ठरलेलेच असल्यामुळे डॉक्टरांना विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. आरोपी सापडलेला असताना तपास कोण चालू ठेवतो?

झाले होते ते असे. पिष्ट बंद केले की शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात उतरणारे वजन बरेचसे हे पाणीच असते, चरबी नव्हे. इन्सुलिन उतरते, आणि इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकू लागतात. मीठ आणि पाणी कमी झाले की डोके दुखते, उठताना अंधारी येते, थकवा येतो, पोटऱ्यांत गोळे येतात. तिकडचे लोक ह्याला 'कीटो फ्लू' म्हणतात. साध्या, धडधाकट माणसाला ताकात चवीपुरते मीठ घालून आठवड्यात बरे वाटते. पण आमचे भावोजी रक्तदाब म्हणून मीठ आधीच कमी खात होते, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते. म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी उपसले जात होते. शिवाय साखरेची जुनी गोळी पुऱ्या मात्रेत चालूच. ज्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, त्या भात-रोटली खाणाऱ्या माणसासाठी ठरवलेल्या मात्रेत भात-रोटली न खाणाऱ्याने घेतल्या तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. आणखी एक नवी जात आहे, डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन ह्या नावांची. ती घेणाऱ्याने पिष्ट अगदी तोडले तर रक्तात आम्ल साचू शकते, आणि तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. ह्या गोळीची पाळी भावोजींवर नव्हती, पण वाचकांपैकी कोणावर तरी असेलच. हे वाचून कोणी स्वतःच्या गोळ्यांना हात लावू नये. आपण काय खायचे सोडले आहे ते डॉक्टरांना सांगावे, आणि तेही सोडण्याच्या आधी.

आणि एक किरकोळ गुन्हेगार होता, तो भाचीने पकडला. चहा! भावोजी दिवसाला पाच कप चहा पिणारे, प्रत्येकात दोन चमचे साखर. साखर बंद झाली तेव्हा "बिनसाखरेचा चहा मला जात नाही" म्हणून त्यांनी चहाच सोडला, एका दिवसात. इतक्या वर्षांची सवय अशी तोडली की दुसऱ्या दिवसापासून डोके धरते आणि आठवडाभर धरून राहू शकते, हे चहा-कॉफीचे उपास करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. आमच्या घरात एकादशीला चहा चालतो तो बहुधा ह्याच कारणासाठी.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, साखरेची निम्मी केली, ताकात मीठ घालायला सांगितले. भात-रोटली एकदम न तोडता दुपारी एक लहान भाकरी ठेवायला सांगितली. पाच दिवसांत डोकेदुखी गेली. फडताळातली पाकिटे त्या पाच दिवसांतही चालूच होती, हे ताईने मुद्दाम नोंदवून ठेवले.

म्हणजे पाकिटे निर्दोष? तेवढे मी म्हणणार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये हे खरे, पण हा संन्यासी काही फार सोवळा नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचायची सवय लावून घ्या. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ते घातले असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते, आणि बारा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये हेही. म्हणून हल्ली बरेच उत्पादक ६२१ टाळतात आणि ६२७, ६३१ किंवा ह्या दोघांचे मिश्रण ६३५ घालतात. सोबत 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' नाहीतर 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' असते, ज्यांत ग्लुटामेट आपसूकच आहे. चव तीच, बदनाम नाव तेवढे गायब. ज्यांना युरिक ॲसिडचा, पायाच्या अंगठ्याचा त्रास आहे त्यांनी ६२७ आणि ६३१ ची दखल घ्यावी, कारण ही द्रव्ये शरीरात शेवटी युरिक आम्लाकडेच जातात. आणि लो-कार्बच्या पहिल्या आठवड्यांत ते आम्ल तसेही वाढलेले असते. मात्र "६३१ म्हणजे डुकराची चरबी" असा जो निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे, तो कृपा करून पुढे पाठवू नका. ती चरबी नव्हेच. ते मासळी-मांसापासून काढता येते आणि जिवाणूंकडूनही तयार करून घेता येते. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते मांसाहारी नाही. ताईच्या माळकरी घरात हा प्रश्न खरोखरचा होता, थट्टेचा नव्हता.

शिवाय पाकिटात सर्वांत जास्त काय असते? साधे मीठ. आणि सूपला दाटपणा यावा म्हणून मक्याचे पीठ, आणि बऱ्याचदा साखर. ज्या पिष्टासाठी भावोजींनी पोंक नाकारला, तेच त्या वाडग्यात होते! हे मात्र त्यांना कळल्यावर जे वाईट वाटले ते चक्कर आल्यावरही वाटले नसेल.

आपल्याकडेही वेगळे चालत नाही. २०१५ च्या जून महिन्यात मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा मुख्य आरोप शिशाचा होता. दुसरा, पाकिटावर 'एमएसजी घातलेले नाही' असे लिहून आत ते सापडल्याचा. लोकांच्या तोंडी मात्र राहिला अजिनोमोटोच. डिचोलीच्या कारखान्यातही मॅगी होत असे, त्यामुळे इथे ती पोटापाण्याची बाबही होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द करून तीन प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला लावली आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानांत परतली. मग गोबी मंच्युरियन. २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहात त्याच्या गाड्यांना आवर घालण्याची सूचना झाली, २०२४ च्या सुरुवातीला बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने म्हापसा पालिकेने बंदीची भूमिका घेतली. तक्रार काय होती? कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. ती तक्रार योग्यच होती. पण जत्रेतून येताना मी चार जणांना विचारले तर चौघांनीही उत्तर दिले, "अजिनोमोटो घालतात म्हणून." रंगाचे काय, तेलाचे काय, भांडी कुठल्या पाण्यात धुतात त्याचे काय, हे विचारायला कोणी उरतच नाही.

बारडोलीहून निघायच्या आदल्या दिवशी बाबेनच्या बाजूला चालत गेलो होतो. रस्त्याकडेच्या शेतात ऊसतोडीची खोपटी होती. डांग आणि खानदेशातून दर हंगामात माणसे येतात. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून त्यांच्याबद्दल लिहून ठेवले आहे. एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापत होती. बाजूला मिरचीचा ठेचा. भावोजी सोबत होते. तिची अहिराणी ऐकून ते थांबले, गावाची चौकशी केली. परतताना बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझी आजी अशीच थापायची. आणि मी भाकरीला घाबरतो." मी उत्तर दिले नाही. त्यांना मधुमेह आहे, भाकरी मोजूनच खाल्ली पाहिजे. त्या बाईला दिवसभर कोयता चालवायचा आहे. दोघांचे पथ्य एक कसे असेल?

फेब्रुवारीत भाचीने घरीच एक प्रयोग केला. दर संध्याकाळी टोमॅटोचे सार. सहा दिवसांपैकी तीन दिवस त्यात चिमूटभर अजिनोमोटो, तीन दिवस त्याऐवजी मीठ. कोणत्या दिवशी काय, ते फक्त तिच्या वहीत. सार जेवणाबरोबरच द्यायचे, भावोजींनी झोपताना डोके दुखले की नाही ते सांगायचे. ते दोन दिवस दुखले. वही उघडली तर एक दिवस अजिनोमोटोचा, एक मिठाचा. सहा दिवसांवरून काही सिद्ध होत नाही हे भाचीनेच सांगितले. ती विज्ञान शिकते. भावोजींनी मात्र निकाल मान्य केला.

परवा ताईचा फोन आला होता. पाकिटे अकराची तीनवर आली आहेत. चहा पुन्हा सुरू झाला, बिनसाखरेचा, दिवसाला दोन कप. त्याने आता पोट फुगते म्हणतात, आणि आळ दूधवाल्यावर आहे.